गोदूला हाक कोण मारणार

"नवरात्रात तू गडावर गेली होती आन् मले सांगितलंही नाही," भावना म्हणाली. "बरं, नाही सांगितलं तं नाही सांगितलं. पण मी हाक मारली तर वळून तं पाहायचं ना माय!"

नव्या रायपूरला मंत्रालयात जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या. गोदावरी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. तिनं मान वळवली.

"कोणत्या गडावर?"

"चैतुरगड. लाफा गावाजवळचा. भाच्यांना घेऊन गेलो होतो आम्ही. सिंहद्वाराच्या आत दगड आहे ना मोठा, त्याच्यावर बसून होती तू. एकटी. मी ओरडली, 'ए गोदूऽऽ!' तर तू मान वर केली, पण माझ्याकडे नाही. दुसरीकडे. जसं काही दुसराच कोणी हाक मारणार होता तुले."

"नवरात्रात मी अंथरुणात होती. ताप होता. तात्यापाऱ्यातून पाय बाहेर काढला नाही मी."

"मग ती कोण होती?"

"असंल कोणी माझ्यासारखी."

"तुझ्यासारखी नाही," भावना म्हणाली आणि अडखळली. ती नागपूरकडच्या बौद्ध घरातली. भूतखेत, भानामती, नजर लागणं, असलं काही तिच्या घराचा उंबरा ओलांडून आत येत नसे, आणि हे ती चारचौघांत ताठ मानेनं सांगे. म्हणूनच आता शब्द तिला जड जात होते. "तूच होती. पण जवान होती वं. मोहरीच्या रंगाचा पंजाबी ड्रेस, पांढरी ओढणी. वेणी अशी पुढं घेतलेली."

बस रुंद, रिकाम्या रस्त्यावर वळली. गोदावरीनं पिशवीचे बंद मुठीत आवळले. मोहरीच्या रंगाचा तो ड्रेस तिनं कधीच भांडेवालीला देऊन टाकला होता. तो घालून ती गडावर एकदाच गेली होती. आणि तेव्हा भावना तिला ओळखतही नव्हती.

*

तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, गोदावरीला सगळे गोदूच म्हणत. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर, आई मोर्शीकडची. गोदू टायपिंग शिकली, सरकारी कचेरीत लागली, आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या नाटकांच्या तालमींना जाऊ लागली. तिथं तिला काम मिळालं ते विंगेतलं. प्रॉम्प्टरचं.

तिचा आवाजच तसा होता. श्वासाहून थोडासा जड. पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचा नाही, पण रंगमंचाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या नटाच्या कानात नेमका उतरायचा. सगळ्यांचे संवाद तिला पाठ. कोण कुठल्या वाक्याला अडकणार हे त्याच्या आधी तिला कळायचं. नायकाचं काम कायम निरंजनकडे. देखणा, हसरा आणि विसरभोळा. शब्द हरवला की तो विंगेकडे अर्धी नजर टाकी, आणि तो शब्द त्याच्या ओठांवर आलेला असे. प्रयोग संपला की मंडळी म्हणत, "निरंजनला टाळ्या, गोदूला पडसं!" विंगेत वारा फार लागायचा.

गोदू हसायची. आपण निरंजनला शब्द देतो, तर एक दिवस तो आपल्यालाही एखादा शब्द देईल, असं तिला वाटे. कोणता, ते तिनं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नाही.

मग राज्य वेगळं झालं. रायपूर राजधानी झाली. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं, जिथं खाटा होत्या तिथं टेबलं आली, आणि पावसाळी दिवसात फायलींना फिनाइलचा वास यायचा. कोण इकडे, कोण भोपाळला, याची वाटणी सुरू झाली. निरंजनच्या वाट्याला भोपाळ आलं.

"जायच्या आधी कुठंतरी जाऊ ना बे सगळे," तो म्हणाला.

त्या थंडीत चौघं निघाली. गोदू, निरंजन, गोदूची बालमैत्रीण सरिता आणि सरिताचा नुकताच झालेला नवरा नीलेश. नीलेशनं कुणाचीतरी जुनी जीप आणली होती. भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत सरिता गात होती, बिलासपूरला समोसे झाले, रतनपूरला दर्शन, पालीच्या पुढं साल वृक्षांचं जंगल सुरू झालं. दुपारी गडावर पोचले. मैलभर पसरलेला कातळ, तळी, देवीचं देऊळ, आणि खालच्या दरीतून वर चढणारं धुकं.

गोदूच्या आईची एक रीत होती. गडावरून, जंगलातून, नदीवरून घरी निघताना एकानं प्रत्येकाचं नाव घ्यायचं. "अमक्या, चल घरी!" त्यानं "आलो" म्हणायचं आणि तिथून बाहेर पडायचं. मग गावातलं पहिलं छप्पर दिसेपर्यंत मागं बघायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. शेवटी दोघंच उरले की त्यांनी आतच एकमेकांना हाक मारायची. आई म्हणे, "माणूस तं पायानं येऊन जाते. पण त्याचं सगळंच नाही येत, अर्धं तिथंच रमून बसते. त्याले बोलवावं लागते."

हाका मारायचं काम अर्थात गोदूकडे आलं. सगळ्यांची नावं घेणं तिच्या अंगवळणी पडलेलंच होतं. आईच्या रीतीत धाकट्यापासून सुरुवात. धाकटा निरंजन होता. गोदूनं आधी नीलेशला हाक मारली, मग सरिताला. दोघं सिंहद्वारातून बाहेर पडली. आत उरले ती आणि निरंजन. एवढ्यासाठीच तिनं क्रम बदलला होता. आता त्याला तिचं नाव घ्यावंच लागणार होतं. "गोदू, चल घरी." एवढे तीन शब्द. त्यांचा जो अर्थ तिला हवा होता तो ती स्वतः लावणार होती.

"निरंजन, चल घरी."

"आलो!" तो म्हणाला, हसला, आणि उंबरा ओलांडून धुक्यात निघून गेला.

गोदू दारात उभी राहिली. त्यानं विंगेकडे बघावं तसं वळून बघावं म्हणून वाट बघत. तिकडून नीलेशच्या जीपचा हॉर्न वाजला. मग ती तशीच, बिनहाकेची, पायऱ्या उतरली.

*

निरंजन भोपाळला गेला, तिथलाच झाला. गोदूनं पुढच्या गणपतीत विंगेत उभं राहायचं सोडलं. लग्नाची स्थळं आली. बघायला येणारे चहा पिऊन जात आणि नंतर म्हणत, मुलगी चांगली आहे, पण लक्ष नव्हतं तिचं. कचेरीत ती खोलीत असताना चपराशी दिवे बंद करून कुलूप लावी. मग ती आतून दार वाजवी, आणि तो कानाला हात लावून म्हणे, "माफ करो दीदी, आप दिखी ही नहीं."

सगळ्यात वाईट आईचं झालं. म्हातारपणी आई ताटं वाढायची आणि समोर बसलेल्या गोदूच्या डोक्यावरून दाराकडे बघत विचारायची, "गोदू नाही आली का वं अजून? अंधार पडून राहिला."

"मी इथंच आहे आई."

"तू हायेस माय. पण गोदू कुठं आहे?"

डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं असं. शेजारणी म्हणाल्या, बुद्धी फिरली बिचारीची. आई गेली तेव्हाही तिची नजर दारावरच होती.

गडावर परत जायचं तिला सुचलं नव्हतं असं नाही. पण ज्याच्याकडून हाक मारायची राहिली त्यानंच ती मारावी, असा तिचा हट्ट. गेल्या पावसाळ्यात भोपाळहून निरोप आला की निरंजन गेला. तो हट्टही मग रिकामा झाला. आणि आता ही भावना सांगत होती की ती मागं राहिलेली अजून गडावर बसली आहे. कान टवकारून. जो यायचा नाही त्याची वाट बघत.

"मले आणायला जायचंय तिले," गोदूनं सरिताला सांगितलं. "नाहीतर मी मरेन आन् ती तिथंच राहील. तिले कोणी सांगणारही नाही."

सरिता नेहमी प्रत्येक गोष्टीवर विनोद करायची. या वेळी तिनं फक्त भाजी निवडायची थांबवली.

"काहून इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"माझी वाक्यं म्हणायची सवय कुठं आहे मले?"

"चल," सरिता म्हणाली. "स्नेहल गाडी चालवेल. बिनकामाची पोट्टी आहे, मोबाइलमध्येच तोंड घालून बसते."

*

स्नेहल म्हणजे सरिताची मुलगी. मराठी सगळं समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. भनपुरी ओलांडेपर्यंत तिनं गोदूमावशीची सगळी गोष्ट ऐकून घेतली, आणि आरशातून मागं बघत म्हणाली, "मौसी, मतलब आप आधी-आधी हो?"

"समोर पाह!" सरिता ओरडली. "ट्रकखाली घालशील तर चौघीही आधी-आधी होऊन जाऊ."

भावना पोह्यांचा डबा फिरवत होती. "मी फक्त फिरायला येऊन राहिली, आधीच सांगून ठेवते."

"हव, हव," सरिता म्हणाली. "म्हणूनच रात्रभर झोपली नाही ना तू?"

सकाळचं ऊन पालीपर्यंत सोबतीला होतं. साल वृक्षांचं जंगल सुरू झालं आणि ते मागं राहिलं. रस्ता वळणं घेत चढू लागला. गोदूनं काच खाली केली. ओल्या पानांचा, कातळाचा वास आत आला, आणि तिच्या छातीत काहीतरी हललं. बंद खोलीत कोणीतरी कूस बदलावी तसं.

गाडी थांबली तिथून पुढं पायऱ्या. सरिताचे गुडघे गेलेले. ती गाडीपाशीच थांबली. जाताना तिनं गोदूचा हात दाबला. "घेऊन ये तिले. मलेही आठवण येते तिची."

सिंहद्वाराशी पोचल्यावर भावना थबकली. "मी आत येत नाही."

"तू तं मानत नाहीस ना?"

"मी नाही मानत तिले. पण तिनं मले मानलं तर?"

तेव्हा गोदू आणि स्नेहल दोघीच आत गेल्या. धुकं होतं. देवीच्या देवळातली घंटा कुठून वाजते ते कळत नव्हतं. दाराच्या आत, डावीकडे तो मोठा दगड. त्याच्यावर कोणी नव्हतं.

स्नेहल हसली. "देखो, कोई नहीं है."

गोदू जवळ गेली. दगड दवानं भिजून काळा पडला होता. मध्ये तेवढी एक जागा, माणूस बसेल एवढी, कोरडी होती. तिनं तिथं तळवा ठेवला. दगड कोमट होता.

"स्नेहल," ती म्हणाली, "आता मले हाक मार. नाव घेऊन. मी 'आली' म्हणेन. मग..."

"आपका नाम कैसे लूँ? मम्मी चप्पल से मारेगी."

"मावशी नको लावू. ती तुझी मावशी नाही. ती तुझ्याच वयाची आहे."

स्नेहलनं ओढणी सारखी केली, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि तिला शब्दच सुचेनात. तिनं गोदूकडे अर्धी नजर टाकली. ती नजर गोदूला ओळखीची होती. नकळत तिच्या ओठांतून तो जुना, श्वासाहून थोडासा जड आवाज निघाला, "गोदावरी, चल घरी."

"गोदावरी!" स्नेहल खणखणीत आवाजात म्हणाली, "चल घरी!"

"आली!"

गोदूनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

आवाज मागून आला. तरुण, थोडा रुसलेला. स्नेहलला वाटलं मावशीच बोलली. गोदूचे डोळे भरून आले. चमेलीच्या तेलाचा वास. ते तेल ती कॉलेजपासून लावायची, आई गेल्यावर सोडलं. कोणीतरी तिच्या अगदी पाठीशी उभं होतं, इतकं जवळ की मानेवर त्याचा श्वास लागत होता. आता मागं बघायचं नाही. बोलायचं नाही. गोदूनं उंबरा ओलांडला. मागून आणखी एक पाऊल उंबऱ्यावर पडलं.

बाहेर भावना उभी होती. ती गोदूकडे बघत होती, मग गोदूच्या खांद्यामागं बघू लागली. तिचा हात तोंडाशी गेला. मग तिची नजर त्याहीपलीकडे, दाराच्या आत गेली.

"गोदू," ती हळूच म्हणाली, "पोट्टी येऊन नाही राहिली."

गोदू थांबली.

"त्या दगडावर जाऊन बसली ती. स्नेहल! ए स्नेहल!" भावना ओरडली. परत ओरडली. "मान वर केली तिनं. पण माझ्याकडे नाही पाहून राहिली वं. दुसरीकडेच पाहते."

तेव्हा गोदूच्या ध्यानात आलं. आत दोघीच उरल्या होत्या. तिनं स्नेहलला हाक मारायची होती, बाहेर पडायच्या आधी. ती विसरली. आपलं नाव ऐकलं आणि आनंदात निघून आली, जसा निरंजन हसत निघून गेला होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्यानं जाणूनबुजून नाव घेतलं नाही. तो फक्त विसरला होता. तो तर नेहमीच विसरायचा.

मानेवर श्वास होता. अजून थोडं. पायऱ्या उतरायच्या, वळणं, गावातलं पहिलं छप्पर. तेवढं झालं की ती घरी. आरशात पूर्ण दिसणार. ताटावर पूर्ण बसणार. आणि आत सरिताची मुलगी दगडावर बसून होती, वाक्य हरवलेल्या नटीसारखी, विंगेकडे नजर लावून.

शब्द रोखून धरायचा असतो हे गोदू कधी शिकलीच नव्हती.

ती वळली. क्षणभर समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, मोहरीचा रंग दिसला. पुढं घेतलेली वेणी. आणि स्वतःचाच चेहरा, सुरकुत्यांच्या आधीचा. त्यावर राग नव्हता. फक्त प्रश्न होता, परत मीच मागं का? गोदूनं त्याच्या आरपार हाक मारली.

"स्नेहल! चल घरी!"

मोहरीचा रंग धुक्यात विरला. दगडावरची मुलगी दचकून उठली, ओढणी गोळा केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"आली!"

*

पायऱ्या उतरताना कोणी बोललं नाही. गाडीपाशी सरितानं तिघींची तोंडं पाहिली. भावनानंच तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. सरितानं स्नेहलला असं घट्ट धरलं की ती कुरकुरली, "मम्मी, छोड़ो ना. दो मिनट ही तो बैठी थी."

"कशाला बैसली?"

"मौसी ने ही तो कहा." स्नेहलनं गोदूकडे पाहिलं. "आपने कान में बोला ना? 'तू बैस, मी जाते आता.'"

गोदूनं मान हलवली. हो की नाही, ते कोणाला कळलं नाही.

"आता तुझं काय गोदू?" सरिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी चढते वर, रांगत चढते. मी मारते हाक."

"तुझे गुडघे राहू दे."

गोदू गाडीपासून दोन पावलं दूर गेली. गडाकडे तोंड केलं. सगळ्यांची वाक्यं तिनं म्हटली होती, कुजबुजून, अंधारात उभं राहून. आज तिनं पाय रोवले, खांदे सरळ केले, पोटापासून श्वास घेतला. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारे नट घेतात तसा.

"गोदावरी! चल घरी!"

झाडांवरची पाखरं उडाली. वरून काही उत्तर आलं नाही.

"अशी आपलीच आपल्याले हाक चालते का वं?" भावनानं दबक्या आवाजात विचारलं.

"आईनं चालते म्हटलं नव्हतं," गोदू म्हणाली. "चालत नाही असंही म्हटलं नव्हतं."

स्नेहलनं गाडी सुरू केली. भावना या वेळी पुढं बसली, मागं बसायला तयारच होईना. सरिता मागं एका खिडकीशी. गोदू दुसऱ्या बाजूनं आत बसली आणि तिनं दार उघडंच ठेवलं.

"लाव ना दार, गारठा येते," सरिता म्हणाली.

"थांब जरा."

"मौसी, अब कौन बाकी है?"

गोदू पायऱ्यांकडे बघत राहिली. धुक्यात काही दिसत नव्हतं. बराच वेळ. मग तिनं मांडीवरची डब्याची पिशवी पायाशी ठेवली, साडी आवरली, आणि सरिताच्या अंगाला अंग लागेल इतकी आत सरकली. दाराकडची जागा मोकळी झाली.

आणखी थोडा वेळ गेला. सरितानं गोदूचा हात हातात घेतला होता, आणि दोघीही समोर बघत होत्या. मागं नाही, बाजूला नाही.

"आता लाव," गोदू म्हणाली.